निष्कलंक मरिया : तलवाड्यातील एका प्रश्नाच्या निमित्ताने

तलवाडा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. गोदावरीच्या काठच्या ह्या पट्ट्याला जुनी माणसे अजूनही गंगथडी म्हणतात. गावाचे नाव पंचक्रोशीबाहेर माहीत झाले ते टेकडीवरील त्वरितादेवीच्या देवळामुळे. हाक मारताच धावून येणारी, असा भाव देवीच्या नावातच आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात ह्या गावी एका ख्रिस्ती कुटुंबात जपमाळेच्या प्रार्थनेला जाण्याचा योग आला. दहा-बारा माणसे होती, त्यांत बायकाच अधिक. दुसऱ्या दिवशी ८ डिसेंबर, म्हणजे पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण होता. शिक्षकी पेशाची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्यामुळे प्रार्थना संपल्यावर मी सणाचा अर्थ चार वाक्यांत सांगितला. आपण सर्व माणसे आदिपापाचा डाग घेऊन जन्मास येतो. मरिया मात्र आईच्या उदरात आली त्या पहिल्या क्षणापासूनच त्या डागापासून मुक्त होती, इत्यादी.

भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी जपमाळ मुठीत मिटली आणि विचारले, “मास्तर, मरियाबाईला जन्माचाच डाग नव्हता म्हनता. मंग ती सोवळ्यातली झाली. आन् आमाला तर जल्मापासून ओवळं म्हनत आले लोक. मंग ती आमची कशी व्हायची?”

त्या वेळी मी काहीतरी उत्तर दिले. ते कोणते हे मला आज आठवत नाही, ह्यावरूनच त्याची योग्यता वाचकांनी ओळखावी.

प्रश्न मात्र मनातून गेला नाही. मराठवाड्यातील आपले बहुसंख्य ख्रिस्ती बांधव ज्या समाजांतून श्रद्धेत आले, ते समाज पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेले होते. ‘डाग’, ‘मळ’, ‘शुद्ध’, ‘निर्मळ’ हे शब्द त्यांच्या कानांवर प्रथम पडले ते प्रवचनात नव्हे, गावच्या विहिरीवर. अमुक एक जन्मतःच शुद्ध आणि अमुक एक जन्मतःच अशुद्ध, ह्या विधानाचा अनुभव त्यांनी घेतलेला आहे. अशा श्रोत्यांपुढे ‘मरिया जन्मतःच निष्कलंक’ असे म्हणणे म्हणजे जुन्याच सोवळ्याला नवे नाव देणे नव्हे काय, असे आजी विचारीत होत्या. ह्या श्रद्धासत्याचा इतिहास पुन्हा चाळला तेव्हा असे दिसून आले की आजींचा प्रश्न ख्रिस्तसभेने स्वतःलाच, निराळ्या शब्दांत, सातशेहून अधिक वर्षे विचारला आहे. आणि जोवर पापाची कल्पना विटाळाच्या कल्पनेतून सुटी झाली नाही तोवर तिला उत्तर सापडलेले नाही.

आरंभी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे, कारण तो सुशिक्षितांतही आढळतो. ‘निष्कलंक गर्भसंभव’ म्हणजे कुमारी मरियेने पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने येशूला उदरी धारण केले ती घटना नव्हे. येथे गर्भात आली ती मरिया स्वतः. तिला आईबाप होते, तिचा जन्म इतर लेकरांप्रमाणेच झाला. ८ डिसेंबरपासून नऊ महिने मोजले की ८ सप्टेंबर येतो, तो मरियेचा जन्मोत्सव. त्याच सुमारास श्रीरामपूरजवळच्या हरेगावी मतमाउलीची यात्रा भरते आणि मराठवाड्यातूनही माणसे तेथे जातात. यात्रा सर्वांना ठाऊक असते. तिच्या नऊ महिने आधीचा सण मात्र बहुतेकांना नीटसा उमगलेला नसतो.

मरियेच्या आईबापांची नावे शुभवर्तमानांत नाहीत. योआकिम आणि अन्ना ही नावे दुसऱ्या शतकातील ‘याकोबाचे आद्यशुभवर्तमान’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथातून आली. ख्रिस्तसभेने तो बायबलमध्ये घेतला नाही, तरी लोकांनी त्यातील कथा उराशी धरली. पूर्वेकडील मंडळींत सातव्या-आठव्या शतकापासून अन्नेच्या गर्भधारणेचा सण ९ डिसेंबरला होऊ लागला. पूर्वेचे ख्रिस्ती मरियेला ‘पानागिया’, म्हणजे सर्वस्वी पवित्र, म्हणतात. मात्र तेवढ्यावरच ते थांबतात, पुढील काथ्याकूट करीत नाहीत. प्रारंभीच्या सर्वच आचार्यांचे ह्याबाबत एकमत होते असेही नाही. ओरिगेनने तिच्या मनात क्रुसाजवळ शंका डोकावली असे लिहिले, तर सुवर्णमुखी योहानाने काना येथील तिच्या विनंतीत थोडा मानीपणा पाहिला. तिच्या पापरहिततेविषयी पश्चिमेत निर्णायक शब्द आला तो संत ऑगस्टीनचा. सन ४१५ च्या सुमारास कृपेविषयी लिहिताना त्याने म्हटले की पापाचा विषय निघाला असता प्रभूच्या सन्मानार्थ मरियेबद्दल मी प्रश्नच उपस्थित करू इच्छीत नाही.

परंतु मोठा गुंता निर्माण झाला तोही ऑगस्टीनच्याच शिकवणुकीतून. आदिपाप एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसे उतरते, ह्याचे त्याने दिलेले उत्तर असे होते की प्रजोत्पादनाशी जी वासना निगडित आहे तिच्याद्वारे ते उतरते. त्याच्या नंतरच्यांनी हे इतक्या शब्दशः घेतले की आदिपाप म्हणजे देहातून देहाला लागणारा एक प्रकारचा डागच होऊन बसला. आपल्याकडील वाचकाला ही भाषा ओळखीची वाटेल. स्पर्शाने लागतो, जन्माने येतो, रक्तात राहतो, तो विटाळ. चोखामेळ्याने आणि त्याच्या पत्नीने, सोयराबाईने, ह्याच विटाळाच्या मुळाशी बोट ठेवले होते : देहाची उत्पत्तीच विटाळातून असेल तर विटाळाविना राहिला कोण?

आदिपाप समजावून सांगताना आम्ही मास्तर मंडळी आदाम आणि एवेपासून सुरुवात करतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की कुठल्या तरी दूरच्या बागेतील फळासाठी आम्हांला शिक्षा का? गोदाकाठच्या माणसाला ह्याहून जवळचे उदाहरण आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात परतले. त्याबद्दल समाजाने त्यांस वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही मुले त्यानंतरची. त्यांनी स्वतः काहीही केले नव्हते. परंतु ती जन्मली त्यापूर्वीच घर बहिष्कृत झालेले होते. पुढे ह्या ‘संन्याशाच्या पोरां’ना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, अशी परंपरा आहे. स्वतः न केलेल्या कर्मामुळे जन्मतःच एका तुटलेल्या नात्यात येऊन पडणे, हा आदिपापाच्या शिकवणुकीचा गाभा त्या मुलांच्या कथेत स्पष्ट दिसतो. मात्र दाखला एका जागी मोडतो, आणि तीच जागा महत्त्वाची आहे. पैठणच्या पंडितांच्या लेखी मुलांच्या रक्तातच दोष होता. ख्रिस्ती शिकवणूक अखेरीस जेथे पोहोचली तेथे रक्ताला दोष नाही. जे मिळावयाचे होते ते हरवले आहे, एवढेच. वडिलांनी गमावलेली जमीन मुलाला मिळत नाही, म्हणून मूल घाणेरडे ठरत नाही.

हे वळण घडविले कँटरबरीचा महागुरुस्वामी संत आन्सेल्म ह्याने, अकराव्या शतकाच्या अखेरीस. आदिपाप म्हणजे देहाला चिकटलेला मळ नव्हे, तर देवाने माणसास मूळात दिलेल्या नीतिमत्त्वाचा अभाव होय, असे त्याने मांडले. गंमत अशी की आन्सेल्मने स्वतः ह्या व्याख्येवरून मरियेविषयीचा निष्कर्ष काढला नाही. तो काढला त्याचा शिष्य एडमर ह्याने. नॉर्मन लोकांच्या स्वारीपूर्वी इंग्लंडमध्ये मरियेच्या गर्भसंभवाचा सण होत असे. पुढे अधिक शिकलेल्या धर्माधिकाऱ्यांनी तो अडाणी लोकांचा सण म्हणून बंद केला. एडमरने ह्या भोळ्या लोकांची बाजू घेतली. काटेरी बोंडात चेस्टनटचे फळ देव काट्याचा ओरखडाही न लागता वाढवितो, मग मरियेच्या बाबतीत त्याला काय अशक्य आहे, असा त्याचा दाखला होता. आमच्या वसईकरांनी येथे फणस आठवावा.

ह्याला विरोध केला तो कोणा मरियाद्वेष्ट्याने नव्हे. मरियेवर ज्याच्याइतके गोड कोणी बोलले नसेल त्या क्लेर्व्होच्या संत बर्नार्डने ११४० च्या सुमारास लिआँ येथील धर्मगुरूंना खरमरीत पत्र लिहिले. हा सण नवा आहे, रोमला विचारलेले नाही, हे त्याचे आक्षेप होतेच. पण मूळ अडचण निराळी होती. जेथे वासना आहे तेथे पवित्र आत्मा कसा असेल? गर्भधारणेतच पावित्र्य कसे शिरेल? मरियेला गर्भात आल्यानंतर, परंतु जन्मापूर्वी, पवित्र करण्यात आले, एवढेच बर्नार्ड मान्य करीत होता. म्हणजे एवढा मोठा संत, परंतु त्याच्याही मनात पाप आणि देहाचा विटाळ एकमेकांत गुंतलेले होते. शंभर-सव्वाशे वर्षांनी संत थॉमस अक्वायनसने जो आक्षेप घेतला तो ह्याहून खोल आहे. मरियेला पापाचा स्पर्शच झाला नसेल, तर तिला तारणाऱ्याची गरजच उरली नाही. आणि मग ख्रिस्त सर्वांचा तारणारा कसा? आज गावोगावी आपले प्रॉटेस्टंट शेजारी नेमके हेच विचारतात. त्यांना उत्तर देताना आपण रागावतो, ते बरे नव्हे. आपल्याच सर्वश्रेष्ठ ईशज्ञान्याचा हा प्रश्न आहे.

उत्तर दिले ते फ्रान्सिस्कन संघाच्या जॉन डन्स स्कोटसने. हा स्कॉटलंडचा धर्मगुरू ऑक्सफर्ड आणि पॅरिस येथे शिकवीत असे. १३०८ साली कोलोन येथे, वयाच्या बेचाळिशीच्या आसपास, तो निवर्तला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : पडलेल्याला उठविणे हे तारण खरेच, पण पडण्यापूर्वी सावरणे हे त्याहून मोठे तारण आहे. ख्रिस्त हा परिपूर्ण मध्यस्थ असेल तर निदान एका व्यक्तीच्या ठायी तरी त्याचे तारण अशा परिपूर्ण रीतीने घडणे उचित आहे. मरियेला तारणाऱ्याची गरज नव्हती असे नाही, तिच्यावर त्याचे ऋण सर्वांत अधिक आहे. ह्याला मी माझ्या विद्यार्थ्यांपुढे लसीचा दाखला देत असे. आपल्याकडे ज्या रोगाला ‘देवी’ म्हणत, त्याची लस १८०२ साली मुंबईत प्रथम एका लहान मुलीला टोचण्यात आली. लस टोचलेल्या लेकराला देवी आल्या नाहीत, म्हणून त्याला वैद्याची गरज नव्हती असे कोणी म्हणत नाही. उलट ज्याचा चेहरा व्रणांनी भरला त्याच्यापेक्षाही त्याने वैद्याचे उपकार अधिक मानावेत.

स्कोटसच्या ह्या विचारात एक गोष्ट आपोआप गळून पडली. आता प्रश्न अन्नेच्या देहाचा राहिला नाही, योआकिमच्या रक्ताचा राहिला नाही. मरिया शुद्ध कुळातली होती म्हणून निष्कलंक, असे म्हणण्यास जागाच उरली नाही. ती निष्कलंक आहे ती पुढे घडावयाच्या क्रुसावरील बलिदानाच्या पुण्याईने, आणि तेही देवाने दिले म्हणून. जन्माने मिळालेले सोवळे आणि कृपेने मिळालेली निष्कलंकता ह्यांतील भेद तो हाच.

वाद मात्र लगेच मिटला नाही. दोमिनिकन थॉमसच्या बाजूने, फ्रान्सिस्कन स्कोटसच्या बाजूने, असे विद्यापीठांत तट पडले. पोप चौथे सिक्स्टस हे स्वतः फ्रान्सिस्कन. त्यांनी १४७० च्या दशकात सणाच्या उपासनेस मान्यता दिली, आणि १४८३ साली दोन्ही पक्षांनी एकमेकांस पाखंडी म्हणू नये असे फर्मावले. ही समंजस आज्ञा पुढेही वारंवार काढावी लागली, ह्यावरून ती कितपत पाळली गेली हे दिसते. १५४६ साली ट्रेंट येथील विश्वपरिषदेने आदिपापाचा आदेश काढताना त्यात मरियेचा समावेश करण्याचा आपला हेतू नाही, एवढे नमूद केले. १६१७ साली पोप पाचवे पॉल ह्यांनी सिद्धांताविरुद्ध जाहीर भाषण करण्यास मनाई केली.

ह्या मनाईच्या आदल्याच वर्षी, १६१६ साली, गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे क्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध झाले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरलेल्या ह्या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने आदाम-एवेच्या पतनापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा मराठी ओवीत गायिली. त्यात मरियेला ‘आंकुवारी’ हे गोड नाव आहे. युरोपात विद्यापीठांचे पंडित डागाच्या व्याख्येवर भांडत असताना स्टीफन्सपुढील अडचण निराळीच होती. ज्या भाषेत शुद्ध-अशुद्ध हे शब्द आधीच जातीने व्यापलेले होते, त्या भाषेत त्यांना पाप आणि पावित्र्य सांगावयाचे होते. धर्मकल्पनांसाठी काही पोर्तुगीज शब्द त्यांनी तसेच ठेवले, त्याचे हेही एक कारण असावे, असे मला वाटते. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात ह्या ग्रंथाची देवनागरी हस्तलिखित प्रत आढळली. तिच्यात परक्या शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द बरेच आहेत. १९२० च्या दशकात ती प्रकाशात आणणारे डॉ. जस्टिन अॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट, आणि आपल्या संतकवींचे इंग्रजी भाषांतरकार, हे येथे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे.

गोव्यात आणि वसईत हा सण राजाश्रयाने रुजला. पणजी येथील निष्कलंक गर्भसंभवाच्या मंदिराची मूळ चॅपेल १५४१ मधील. १६१९ साली तिची नव्याने मोठी बांधणी झाली. २५ मार्च १६४६ रोजी पोर्तुगालचे राजे चौथे जॉन ह्यांनी निष्कलंक मरियेला राज्याची आश्रयदात्री म्हणून जाहीर केले. त्यानंतर त्या देशाच्या राजांनी मुकुट डोक्यावर घातला नाही, तो मरियेचा मानला, असे सांगतात. १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे असलेली वसई ह्याच राज्यातील. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांचे आणि दोमिनिकनांचे, दोघांचेही मठ होते. त्यांचे पडके अवशेष आज शेजारी-शेजारी उभे पाहताना युरोपातील त्या तटांची आठवण होते.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या स्पेन-पोर्तुगालने निष्कलंक मरियेच्या नावे शपथा घेतल्या, त्याच देशांत ‘रक्ताची शुद्धता’ हा कायदा होता. १४४९ साली तोलेदो शहरी त्याची सुरुवात झाली. ज्याच्या पूर्वजांत यहुदी किंवा मुसलमान होते, त्याला बाप्तिस्मा घेतलेला असूनही अनेक पदे आणि संस्था बंद असत. पोर्तुगालात जुने ख्रिस्ती आणि नवे ख्रिस्ती हा भेद १७७३ मध्ये रद्द झाला, तोही एका मंत्र्याच्या, पोंबालच्या, हुकमाने. गोव्याच्या कित्येक बंधुसंघांत जातीचा भेद दीर्घकाळ पाळला गेला. एकीकडे मरियेचे पावित्र्य ही निव्वळ कृपा आहे असे वेदीवरून सांगावयाचे, आणि दुसरीकडे माणसाचे पावित्र्य त्याच्या आजोबाच्या रक्तात शोधावयाचे! स्कोटसचा विचार पोथीत राहिला आणि विटाळ मागच्या दाराने पुन्हा आत आला. तलवाड्याच्या आजींच्या प्रश्नात जो संशय होता त्याला आधार नव्हता असे म्हणण्याची सोय ह्या इतिहासाने ठेवलेली नाही.

सिद्धांत म्हणून घोषणा झाली ती ८ डिसेंबर १८५४ रोजी. पोप नववे पायस ह्यांनी पाच वर्षे आधी जगभरच्या बिशपांचे मत मागविले होते. सहाशेहून अधिक उत्तरे आली आणि त्यांतील बहुसंख्य अनुकूल होती. घोषणेचे शब्द वाचले तर स्कोटस आणि थॉमस दोघेही त्यांत आहेत. मरियेला हा अनुग्रह मिळाला तो येशू ख्रिस्त ह्या मानवजातीच्या तारणाऱ्याच्या पुण्याईने, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. चार वर्षांनी, १८५८ साली, फ्रान्सच्या लूर्द गावी बर्नादेत्त सुबिरू ह्या चौदा वर्षांच्या मुलीला दर्शन झाले. मोडलेल्या गिरणीवाल्याची ही मुलगी. कुटुंब गावच्या जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत राहत होते. तिला धड फ्रेंच येत नसे. २५ मार्च रोजी त्या स्त्रीने आपले नाव सांगितले ते बर्नादेत्तच्या गावंढळ बोलीत. निष्कलंक गर्भसंभव ह्या शब्दांचा अर्थ मुलीला ठाऊक नव्हता. विसरू नयेत म्हणून ते पुटपुटत ती धर्मगुरूंच्या घरापर्यंत गेली. पंडितांनी सातशे वर्षे घोळविलेले शब्द अखेरीस ऐकू आले ते ह्या पोरीला.

मराठीत ह्या साऱ्याचा भार ‘कृपा’ ह्या शब्दावर आहे. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत अभिवादन करताना मरियेला नावाने हाक मारीत नाही. जिच्यावर कृपा झालेली आहे अशी, असे ग्रीक क्रियापदाचे रूप तो वापरतो. लॅटिन भाषांतराने त्याचे ‘कृपेने भरलेली’ असे केले, त्यावरून आपली ‘कृपापूर्ण’. प्रॉटेस्टंट मराठी बायबलने ‘कृपा पावलेली’ ह्या अर्थाचे शब्द ठेवले. ह्यावरून दोन्ही घरांत बरीच भांडणे झालेली मी पाहिली आहेत. माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन्ही शब्द एकमेकांना पूरक आहेत. ‘भरलेली’ म्हटले की माप कळते. ‘पावलेली’ म्हटले की दाता कळतो. आपण ‘कृपापूर्ण’ म्हणताना जर असे सुचवीत असू की मरिया ही कृपेची स्वतंत्र विहीर आहे, तर आपण टेकडीवरच्या देवीच्या जागी दुसरी देवी बसवीत आहोत, एवढेच. त्वरितेचे सामर्थ्य तिच्या भक्तांच्या लेखी तिचे स्वतःचे आहे. मरियेचे सर्व काही मिळालेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली मरियेविषयीचा अध्याय ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजातच घातला, तिला वेगळा चौथरा दिला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये रोमच्या श्रद्धाविषयक विभागानेही ‘सहतारिका’ ही पदवी तिला लावणे योग्य नसल्याचे सांगितले. पणजीच्या मंदिरात एक मोठी घंटा आहे. ती मूळची जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाच्या देवळातली. मठ ओस पडल्यानंतर १८७१ साली ती पणजीस आली. ते देऊळ कृपामातेच्या नावाचे होते. तेव्हा निष्कलंक मातेच्या सणाला आजही घंटा वाजते ती कृपामातेची.

आता आजींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. ते मला सिद्धांतग्रंथांत नव्हे, लूकच्याच दुसऱ्या अध्यायात सापडले. येशूच्या जन्मानंतर शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर मरिया यरुशलेमच्या मंदिरात गेली. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मुलगा झाला की बाळंतिणीला चाळीस दिवस विटाळ असे; त्यानंतर एक कोकरू अर्पण करावयाचे, आणि कोकराची ऐपत नसेल तर होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिले. लूकने मरियेच्या अर्पणात पक्षीच सांगितले आहेत, कोकरू नाही. म्हणजे जी पापापासून पूर्ण मुक्त होती असे ख्रिस्तसभा मानते, ती समाजाच्या आणि धर्मशास्त्राच्या हिशेबी चाळीस दिवस ओवळी होती. मंदिरातील कोणत्याही वस्तूला हात लावण्याची तिला मुभा नव्हती. ख्रिस्तसभेने ८ डिसेंबर आणि २ फेब्रुवारी हे दोन्ही सण शतकानुशतके पाळले. १९६९ च्या सुधारणेपर्यंत रोमन पंचांगात २ फेब्रुवारीचे नाव मरियेच्या शुद्धीकरणाचा सण असेच होते, आता ते प्रभूच्या समर्पणाचा सण असे आहे. दोन सणांत विसंगती कोणाला वाटली नाही. एकात देवाचा हिशेब होता, दुसऱ्यात माणसांचा. नाव बदलले ते योग्यच झाले, परंतु जुन्या नावात आजींसाठी जे होते ते आता मुद्दाम सांगावे लागते.

पुढल्या वर्षी फेब्रुवारीत गेवराईकडे काम निघाले तेव्हा वाट वाकडी करून तलवाड्यास गेलो. आजी दारात शेंगा निवडीत बसल्या होत्या. मी त्यांना मंदिराची, चाळीस दिवसांची आणि पक्ष्यांच्या जोडीची गोष्ट सांगितली. सिद्धांत, स्कोटस, पोप, काही सांगितले नाही. त्यांचे हात थांबले.

“म्हंजी मरियाबाई बी सव्वा म्हैना बाजूला बसली?”

मी म्हणालो, “होय आजी.”

“आन् कोकरू नव्हतं तिच्याकडं?”

“नव्हतं.”

“होले हितं बी लई हायेत,” आजी म्हणाल्या, आणि सूप पुन्हा पुढे ओढले.